अकरावं नाव

यादीतलं अकरावं नाव वाचलं गेलं तेव्हा तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि ते ऐकून त्यानं इतक्या झटक्यात मान वर केली की समोरच्या बाकाची कड कपाळावर बसली. यात्रेची पहिली सकाळ होती. परक्या शहरातल्या एका मोठ्या चर्चच्या बाजूला लहानसं दालन होतं, तिथं तीस-बत्तीस यात्रेकरू अर्धवट झोपेत मिस्सेच्या उपासनेला बसले होते. प्रवासाचे चुरगळलेले कपडे अजून अंगावरच होते, कुणाच्या पायाशी बॅगा होत्या. प्रार्थनांच्या वेळी रोज एका यात्रेकरूनं उठून पुस्तिकेतल्या दोन याद्या वाचायच्या, आधी आजाऱ्यांची, मग मृतांची, अशी पद्धत यात्रेबरोबर आलेल्या फादरांनी घालून दिली होती. पहिली पाळी निवृत्त स्टेशनमास्तरांची. ते नावं गाड्यांसारखी पुकारत होते, एकेका नावानंतर जरा थांबून, आणि सगळे एका सुरात म्हणत होते, ‘प्रभू, त्यांना बरं कर.’ अकराव्या नावालाही सगळे तसंच म्हणाले. ते नाव त्यानं कागदावर पुष्कळदा पाहिलं होतं. परक्या माणसाच्या तोंडून, मोठ्यानं, ‘बरं कर’ला जोडून आलेलं कधी ऐकलं नव्हतं.

‘लागलं का हो?’ शेजारच्या बाई कुजबुजल्या.

‘नाही, नाही.’

‘लाल झालंय. थंड पाणी लावा.’ मग त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांनी पुस्तिकेत अकराव्या नावावर बोट ठेवलं. ‘या तुमच्या मिसेस?’

त्यानं मान डोलावली.

‘आता कशा आहेत?’

‘आहे,’ तो म्हणाला. ‘घरी आहे. पडून असते.’

ती जाऊन त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते.

खोटं बोलायचं असं त्यानं काही ठरवलं नव्हतं. ठरवून खोटं बोलायला जी हुशारी लागते ती त्याच्यापाशी कधी नव्हतीच; नाकासमोर चालणारा माणूस, आणि नाकासमोर सदैव कागद. एका छापखान्यात, यंत्रांच्या मागच्या खोलीत, त्यानं एक्केचाळीस वर्षं प्रुफं तपासली होती. खोलीला एकच खिडकी, तीही काचेला शाईचे हात लागून लागून धूसर झालेली. पाठ्यपुस्तकं, लग्नाच्या पत्रिका, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, मेलेल्या माणसांच्या श्रद्धांजल्या, जे येईल ते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि समासात खुणा करायच्या. ती म्हणायची, ‘तुम्हाला देवाच्या दारातसुद्धा आधी पाटीवरचा काना-मात्रा दिसेल.’ आणि खरंच दिसायचा. ती गुडघे टेकून डोळे मिटायची तेव्हा हा भजनाच्या पुस्तकात पेन्सिलीनं बारीक खुणा करत असायचा. श्रद्धा तिच्याकडे होती. याच्याकडे सवय होती, आणि संसार दोघांत मिळून एवढ्यावर छान चालला होता.

यात्रा तिची होती. दोन वर्षांपूर्वी तिनं ती ठरवली, दोघांची नावं घातली, आणि मग आजारी पडली. तरी अर्ज तिनंच भरला, उशीला टेकून बसून, तिच्या गोल गोल अक्षरात. ‘कोणा आजारी व्यक्तीसाठी प्रार्थना हवी असल्यास नाव लिहा’ या ओळीपुढे तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि हसून म्हणाली, ‘दुसऱ्या कुणाचं लिहू? इतकं हक्काचं आजारी माणूस घरात असताना?’ त्याच्या धंद्याच्या रकान्यात तिनं ‘मुद्रितशोधक’ लिहिलं. त्यामुळे पुढं जे झालं ते झालं. यात्रा काढणाऱ्यांचं ऑफिस दुसऱ्या गावात. तिथं कुणीतरी तो रकाना वाचला आणि पुस्तिकेची प्रुफं त्याच्याकडेच पाठवून दिली, की आपलाच माणूस आहे, बघेल. प्रुफं आली तेव्हा तिला पुरून चार दिवस झाले होते. मुलगी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तो जेवणाच्या टेबलाशी बसला, पेन्सिलीला टोक केलं, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ती पुस्तिका तपासली. एका संताचं साल चुकलं होतं. दोन ठिकाणी ओळ दुबार पडली होती. आजाऱ्यांच्या यादीत अकराव्या नावात एक मात्रा राहून गेली होती, ती त्यानं घातली. नीट, नेहमीसारखी, ओळीच्या वर छोटीशी खूण करून. आणि ते नाव जिथं होतं तिथंच राहू दिलं. खालीच, चार बोटांवर, मृतांची यादी होती. एक बाण काढायचा होता, दुसरं काही नाही. हात उचललाच नाही. आयुष्यात त्यानं जाणूनबुजून ठेवलेली ती एकच चूक, आणि आता ती रोज सकाळी एका नव्या शहरात मोठ्यानं वाचली जाणार होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या बाई बसमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसू लागल्या. गुडघा दुखायचा, पाय लांब करायला कडेची जागा हवी होती, आणि त्याच्या शेजारची जागा तर रिकामीच होती. ती कुणाची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं इस्पितळात काढलेली ही बाई, सगळे तिला नर्सबाईच म्हणायचे. हात जाड, आवाज ठणठणीत, आणि प्रश्न सगळे वॉर्डातले. जेवण जातं का? कूस बदलता येते का? पाठीला जखमा नाहीत ना झाल्या? गेले चौदा महिने ज्याच्याशी कुणी या भाषेत बोललं नव्हतं, सगळे ‘देवाची मर्जी’ आणि ‘धीर धरा’ म्हणून निघून जात होते, तो ते प्रश्न ऐकून त्यांच्याकडे वळून बसला. तो उत्तरं देऊ लागला. उत्तरं त्याला तोंडपाठ होती. आजाराच्या दहाव्या महिन्यात तीन आठवडे ती अचानक सुधारली होती. डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. ते तीन आठवडे त्यानं मनात जपून ठेवले होते, आणि आता तो ते एकेक दिवस करून बसमध्ये खर्चू लागला.

‘काल अर्धं केळं खाल्लं,’ तो म्हणायचा.

‘अरे वा! आणि राहिलं पोटात?’

‘राहिलं.’

‘बघा! म्हटलं नव्हतं मी?’ आणि नर्सबाई मागच्या बाकावरच्या स्टेशनमास्तरांना ओरडून सांगायच्या, ‘अहो, यांच्या मिसेसनी केळं खाल्लं!’

नदीवरच्या शहरात तिनं केळं खाल्लं. डोंगरावरच्या चर्चच्या गावात ती खिडकीपाशी खुर्चीत बसली, चांगली तासभर. जिथं एका संताचा हातमोजा काचेच्या पेटीत ठेवलाय आणि त्याच्यापुढे रांग लावून सगळ्यांना अर्धं मिनिट मिळतं, त्या गावात तिनं कंगवा मागितला आणि स्वतःचे केस स्वतः विंचरले, आणि कंगव्यात आलेले केस बघून म्हणाली, ‘एवढेच? मला वाटलं होतं जास्त असतील.’ हे सगळं खरं होतं. एकही शब्द त्यानं पदरचा घातला नव्हता. फक्त काळ चुकलेला होता. बाहेर परकी शेतं पळत असायची, झेंडेवाली बाई म्हणजे यात्रेची व्यवस्थापक पुढं उभी राहून माईकवर पुढच्या चर्चची उंची सांगत असायची, आणि तो डोळे अर्धवट मिटून बघायचा की ती खुर्चीत बसली आहे, उन्हात, गुडघ्यावर शाल. मग त्याला ती घरी आहे असं वाटायचं. वाटायचं म्हणजे कसं, की प्रवासात घरच्या माणसाची काळजी वाटते ना, गॅस बंद केला असेल का, दार लावलं असेल का, तशी बारीक काळजी त्याला तिची वाटू लागली. ते सुख होतं. एवढ्या हलक्या काळजीचं सुख त्याला चौदा महिन्यांत मिळालं नव्हतं.

फोनवर मात्र ती गेलेली होती. मुलगी दुपारी फोन करायची. ‘बाबा, जेवलात? पाय सुजले नाहीत ना? आईच्या नावानं मेणबत्ती लावलीत का?’ तो हो म्हणायचा. ‘मी आईचं कपाट आवरायला घेऊ का?’ तर तो घाईघाईनं म्हणायचा, ‘नको. मी आल्यावर बघू.’ फोन ठेवून तो बसमध्ये चढायचा आणि पायऱ्या चढता चढता ती पुन्हा जिवंत व्हायची. कधी कधी त्याला भीती वाटायची की फोन बसमध्येच वाजेल आणि दोन्ही गोष्टी एकमेकींच्या समोर येतील. म्हणून तो फोन बंद ठेवू लागला.

एकदा अंगाशी येता येता राहिलं. फादर स्वभावानं मऊ होते, दम्याचा त्रास, चार पायऱ्या चढले की थांबायचे. एका चर्चच्या अंगणात थांबलेले असताना ते त्याला म्हणाले, ‘तुमच्या मिसेस सुधारताहेत म्हणे. लावा ना फोन. दोन मिनिटं बोलतो, आशीर्वाद देतो. त्यांना बरं वाटेल.’ नर्सबाई शेजारीच, डोळ्यांत कौतुक. ‘आत्ता नको, फादर,’ तो म्हणाला. ‘तिकडे वेळ वेगळी. झोपली असेल.’ म्हटलं आणि तो शब्द त्याचा त्यालाच बोचला. फादर म्हणाले, ‘बरोबर आहे, झोपू दे, झोपू दे,’ आणि खांद्यावर हात ठेवून निघून गेले. तो तिथंच उभा राहिला. अंगणात कारंजं होतं, त्याच्या कडेवर एक म्हातारा मोज्यातला खडा काढत बसला होता. सांगून टाकावं, आत्ताच, धावत जाऊन. पण सांगितलं की सगळे त्याच्याभोवती जमणार, हात धरणार, आणि उद्या सकाळपासून आजाऱ्यांच्या यादीत ते नाव येणार नाही. एवढ्या माणसांनी रोज सकाळी एका आवाजात तिला बरं कर म्हणावं, हे त्याच्या घरात कधी घडलं नव्हतं. तिथं तो एकटाच होता, आणि त्याला नीट प्रार्थना करता येत नव्हती.

झऱ्याच्या गावाला ते सातव्या दिवशी पोचले. या गावासाठीच अर्धी बस आलेली होती. कपारीतून झरा वाहतो, त्याचं पाणी दगडी हौदात आणलंय, आणि आजारी माणसं त्यात उतरतात. ज्यांचा आजारी माणूस घरी आहे ती त्याच्या वतीनं उतरतात. नर्सबाई दोन दिवस त्याचंच बोलत होत्या. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी सांगितलं होतं की झऱ्यावर एकच मागायचं. दोन मागितली की दोन्ही जातात. ‘आणि बदलायचं नाही मागून. एकदा तोंडातून गेलं की गेलं,’ त्या म्हणाल्या होत्या. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये दोरी. दोरीच्या पलीकडून नर्सबाईंनी त्याला हाक मारली. त्या निळा सुती झगा घालून उभ्या होत्या, पाय उघडे, जाड पोटऱ्यांवर शिरा.

‘ऐका, मी ठरवलंय. मी तुमच्या मिसेससाठी मागणार.’

‘अहो, कशाला? तुमचं तुम्ही मागा ना.’

‘माझं काय, म्हातारीचा गुडघा. त्या सुधारताहेत, दिसतंय मला. असं सुधारत असताना जोर लावायचा असतो, अर्ध्यात सोडायचं नसतं. चौतीस वर्षं बघितलंय मी.’

रांग पुढं सरकली. सांगायला त्याच्यापाशी तेवढा वेळ होता. दोन शब्दांचं काम. दोरीखालून हात घालून त्यांचा झगा ओढला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या आत कुणीतरी, ज्याला गणित येत नव्हतं, ज्यानं शवपेटीवर माती पडलेली पाहिलीच नव्हती, तो कुणीतरी म्हणाला, मागू दे. आणि तो मूग गिळून गप्प राहिला. पडदा बाजूला झाला, नर्सबाई आत गेल्या. आतून पाण्याचा आवाज आला, आणि थंडीनं माणूस श्वास ओढतं तसा एक आवाज. तो स्वतः पुरुषांच्या हौदात उतरला तेव्हा त्याला मागण्यासारखं काही सुचलं नाही. पाणी फार थंड होतं, एवढंच त्याला आठवतं.

बाहेर उन्हात बाकावर त्या केस पुसत बसल्या होत्या. चेहरा लाल झालेला, लहान मुलीसारखा.

‘मागितलं,’ त्या म्हणाल्या. ‘नाव घेऊन मागितलं. तुमचा पत्तासुद्धा सांगितला, म्हटलं चुकायला नको.’ आणि खूप हसल्या. मग टॉवेल मांडीवर ठेवून म्हणाल्या, ‘आता सांगायला हरकत नाही. मी खरं म्हणजे माझ्यासाठीच आले होते. इथं, या बाजूला, गाठ आहे. परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टर काही बोलत नाहीत, पण मला त्यांचे चेहरे वाचता येतात. भाच्याला सांगितलेलं नाही अजून. सहा दिवस माझंच मागायचं म्हणून जपमाळ ओढत होते. आणि तुमच्या मिसेसनी केस विंचरल्याचं ऐकलं तेव्हा वाटलं, अगं, तुझ्यामागं कोण आहे रडायला? त्या बाईचा नवरा बघ कसा जीव टाकतोय.’

त्यानं त्यांची ओली पिशवी उचलली आणि बसपर्यंत नेली, तेवढंच. पुढचा दीड दिवस त्यानं त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली नाहीत. झोपेचं सोंग घेतलं. डोळे मिटले की ती खुर्चीत दिसेना. खुर्ची दिसे, ऊन दिसे. आठवून आठवून त्यानं त्या तीन आठवड्यांतला एक एक दिवस उलटासुलटा करून पाहिला, पण ते दिवस संपलेले होते, सगळे बसमध्ये वाटून झाले होते. उरले होते ते त्यानंतरचे. आणि त्यानंतरच्या दिवसांत ती दुपार होती, जिच्याबद्दल तो मुलीशीही बोललेला नव्हता.

शेवटच्या शहरातल्या चर्चला दगडी अंगण होतं. सकाळची मिस्सा सुरू व्हायला अजून वेळ होता. फादर आत कपडे चढवत होते, झेंडेवाली बाई माणसं मोजत होती. नर्सबाई भिंतीलगतच्या बाकावर बसून गुडघ्याला मलम चोळत होत्या. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

‘एक सांगायचं होतं.’

‘बोला की. दोन दिवस तोंडाला कुलूप लावलंय तुम्ही. मिसेस बऱ्या आहेत ना?’

‘ती गेली,’ तो म्हणाला. ‘आपण निघायच्या आधीच. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा सव्वीस दिवस झाले होते.’

नर्सबाईंचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. मलमाच्या वासानं त्याला बायकोची आजारपणातली खोली आठवली.

‘मग ते केळं? खुर्ची? केस?’

‘ते सगळं खरं आहे. आधीचं आहे.’

त्या खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. राग यायच्या आधी माणूस जसं हिशेब लावत बघतं तसं.

‘तुम्ही मला पाण्यात उतरू दिलंत.’

‘हो.’

‘एकच मागता येतं, हे तुम्हाला मी सांगितलं होतं.’

‘हो.’

‘का हो नाही थांबवलंत?’

त्यानं शब्द शोधला. आयुष्यभर दुसऱ्यांना योग्य शब्द सुचवलेला माणूस, पण त्याला एवढंच सापडलं. ‘मला वाटलं, मागून तर बघू दे.’

‘चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली,’ नर्सबाई म्हणाल्या. आवाज ठणठणीत राहिला नव्हता. ‘नातेवाईक माझ्याशी खोटं बोलतात हे काही मला नवीन नाही. पण माझ्यापाशी एकच होतं हो. एकच होतं.’ आणि त्या रडू लागल्या, तोंड न झाकता, मलमाचे हात लांब धरून. तो उभा राहिला. त्यांना हात लावायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं, आणि जायचाही नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी दंडानं डोळे पुसले. सवय कुठं जाते? त्यांनी विचारलंच. ‘शेवटी त्रास झाला का त्यांना?’

‘माहीत नाही. मी तिच्या पलंगाशीच बसलो होतो. प्रुफं वाचत. दुपार होती. मी म्हटलं, अगं, ऊन येतंय का तोंडावर? वर न बघताच म्हटलं. ओ आली नाही. मला वाटलं डोळा लागला असेल. मी पान संपवलं. सतरावं पान. संपवलं आणि मग वर बघितलं.’

हे त्यानं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. अडतीस वर्षं ‘अगं’ आणि ‘अहो’ यांवर संसार केला होता त्यांनी. तिचं नाव त्यानं तोंडानं एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या दिवशी, वेदीपुढे, फादरांच्या मागोमाग, आणि तेही अडखळत. ती नंतर कितीतरी वर्षं त्याची नक्कल करायची. मग घरात कधी लागलंच नाही. ‘अगं’ म्हटलं की दुसऱ्या खोलीतून, माडीवरून, न्हाणीतून, झोपेतूनसुद्धा ओ यायची. आणि ज्या एका हाकेला ओ आली नाही, त्या हाकेनंतर तो एक पान वाचत राहिला होता. ती दुपार संपल्यापासून ‘अगं’ हा शब्द त्याच्या तोंडून गेला नव्हता.

‘आवाज न करता जातात पुष्कळ जण,’ नर्सबाई म्हणाल्या. त्याच्यासाठी म्हणाल्या की सवयीनं, कळलं नाही. आत घंटा झाली. त्या भिंतीला धरून उठल्या.

‘आज वाचायची पाळी तुमची ना?’

‘हो.’

‘पेन्सिल आहे?’

‘आहे.’

‘मग काढा त्यांना तिथनं. आणि तिथं माझं नाव घाला. जागा रिकामी झाली आहे ना.’ दोन पावलं जाऊन त्या वळल्या. ‘आणि नीट लिहा. माझ्या नावात सगळे चूक करतात.’

आत त्या त्याच्या बाकावर बसल्या नाहीत. पलीकडे, स्टेशनमास्तरांच्या शेजारी बसल्या, आणि एकदाही इकडे बघितलं नाही. त्यानं पुस्तिका मांडीवर उघडली. अकराव्या नावावर त्यानं आडवी रेघ मारली. पेन्सिलीचं टोक कागदावरून जाताना किती हलकं जातं, हे इतक्या वर्षांत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिथं नर्सबाईंचं नाव लिहिलं, बिल्ल्यावर पाहिलेलं, एकेक अक्षर तपासून. यादी वर्णानुक्रमे होती आणि ते नाव तिथं बसत नव्हतं. त्यानं बसू दिलं. मग खालची यादी. तिच्यात मात्र त्यानं क्रम पाळला. तिसऱ्या आणि चौथ्या नावाच्या मध्ये खूण केली आणि समासात तिचं नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट, मात्रा देऊन. फादरांनी खूण केली. तो उठला, वेदीच्या बाजूला गेला, चष्मा सारखा केला.

आजाऱ्यांची नावं त्यानं एका लयीत वाचली. अकराव्या नावाला स्टेशनमास्तरांनी दचकून शेजारी बघितलं, फादरांनीही मान वर केली. नर्सबाई समोर बघत होत्या, ताठ, ओठ मिटून. ‘प्रभू, त्यांना बरं कर,’ सगळे म्हणाले. त्याला कुणाचे डोळे चुकवायचे नव्हते. त्यानं पान उलटलं नाही, उलटायचं नव्हतंच, दुसरी यादी त्याच पानावर होती, चार बोटं खाली. पहिलं नाव. दुसरं. तिसरं. मग त्यानं समासात पाहिलं आणि तिचं नाव घेतलं. अडखळला, अडतीस वर्षांपूर्वी अडखळला होता त्याच ठिकाणी. बसमधली सगळी माणसं, जी आठ दिवस तिच्यासाठी देवाला विनवत होती, एकदम गप्प झाली. कुणाच्या हातातली जपमाळ बाकावर आपटली. उत्तर द्यायचं कुणालाच सुचेना, आणि त्यानंही पुढं वाचलं नाही. कागदावरून नजर उचलली. हाक मारल्यावर माणूस ओ येईपर्यंत थांबतो तसा तो थांबला. दारातून आलेलं ऊन फरशीवर होतं, मधल्या वाटेत कुणी नव्हतं. तो थांबला, सतरावं पान वाचायला जेवढा वेळ लागला असेल तेवढा, निदान त्याला तरी तेवढा वाटला. मग पलीकडच्या बाकावरून एकच आवाज आला, बाईचा, घसा बसलेला. ‘प्रभू, तिला शांती दे,’ नर्सबाई म्हणाल्या, आणि मागोमाग सगळे म्हणाले.

त्यानं खाली बघितलं आणि पुढचं नाव वाचलं.